चांदपतंगाला कोणी शिकवलं?

त्या सकाळी शेवरकड्याच्या पक्षी संगोपन केंद्रात तीन माणसं जाळीच्या एका मोठ्या पिंजऱ्यासमोर उभी होती आणि तिघंही कान देऊन ऐकत होती. पिंजऱ्यात निळू होता. निळू म्हणजे वर्षभराचा शीळकरी कस्तूर. साळुंकीपेक्षा मोठा, काळाभोर, आणि कपाळावर नि खांद्यांवर शाई सांडल्यासारखा चमकदार निळा रंग. घाटातल्या ओढ्यांवर राहणारा हा पक्षी अगदी माणसासारखी शीळ घालतो. सूर वर चढतो, खाली येतो, मध्येच हरवतो, पुन्हा सापडतो. न पाहता ऐकणाऱ्याला वाटतं, कामधंदा नसलेला एखादा मुलगा ओढ्याच्या काठाने रमतगमत चालला आहे.

निळू आज पहिल्यांदाच चोच वर करून सगळा जीव ओतून गात होता. पण त्याच्या गळ्यातून शीळ येत नव्हती. येत होतं ते असं: टिंग, टिंग, टूं. मग तो थोडा थांबे, मान तिरकी करून कानोसा घेई, आणि पुन्हा टिंग, टिंग, टूं.

"हा पोशाचा आवाज आहे," शेवटी सुनेत्राआत्या म्हणाली. "बॅटरी उतरली की तो असा वाजतो. पक्षी बॅटरीचं गाणं का गातोय?"

डॉ. सुनेत्रा राऊळ या केंद्राच्या प्रमुख. त्यांच्या शेजारी उभी होती ती त्यांची भाची, बारा वर्षांची उर्वी. तिचे आईबाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते, म्हणून दोन वर्षांपासून ती आत्याकडे राहत होती. तिची शाळा पडद्यावर भरायची. तिसरे होते सगुणकाका धुरी, केंद्रातल्या यंत्रांची देखभाल करणारे.

आणि पोशा होता यंत्रमानव. काखेत मावेल एवढा, सहा पायांनी निसरड्या कातळावर चढणारा. त्याच्या मानेवर काळंनिळं कापड होतं आणि तोंडाच्या जागी चोचीसारखा चिमटा. घाटातले कस्तूर फार कमी उरले होते. पुरात सापडलेल्या घरट्यांमधली अंडी केंद्रात आणून उबवत, आणि पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून त्यांना खेकड्यांचे, किड्यांचे घास पोशा भरवायचा. खोऱ्यात उरलेल्या एकमेव म्हाताऱ्या नराची शीळ ध्वनिमुद्रित केली होती. तीही पोशाच रोज पहाटे आणि संध्याकाळी पिल्लांना ऐकवायचा. निदान ऐकवावी अशी व्यवस्था होती.

सगुणकाकांनी पोशाची बॅटरी काढून बाजूला ठेवली, पाठ उघडली आणि आत डोकावून जिभेने च्‌ च्‌ केलं.

"आत ओल शिरली असतली. गाण्याचो येगळो पडदो आसा, तो गेलो. गाणां वाजलांच नाय, म्हणान पाखरू ह्यां शिकलां. ह्या एकाक झालां तां बाकीच्यांकय होतलां. दुसऱ्या खोऱ्यांतली पोशासारखी सगळी यंत्रां बंद करूक सांगूक व्हयी."

"तिकडे पिल्लं बाहेर आलीत, सगुण. यंत्रं बंद केली तर माणसांना भरवावं लागेल. मग ती पिल्लं माणसाळतील, त्यांना कधीच सोडता येणार नाही."

"मगे काय करूचां? ती पण अशीच टिंग टिंग करूक लागली तर?"

"मी विचार करते. दुपारपर्यंत थांब," आत्या म्हणाली.

उर्वी पिंजऱ्याच्या जाळीत बोटं अडकवून उभी होती. तिचे कान तापले होते. पोशाचा पडदा फाटलेला नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाणं का वाजलं नाही, तेही ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. मागच्या पावसाळ्यात निळू घरट्याबाहेर उड्या मारू लागला तेव्हा आत्याला शेजारच्या खोऱ्यात कामासाठी जावं लागलं. निळूची पहाटेची देखरेख तिने उर्वीवर सोपवली. काम अवघड नव्हतं. ढगांमुळे उन्हावरची वीज कमी पडे, म्हणून गाणं सुरू होण्याआधी पोशाला हाताने केंद्रातल्या विजेची जोडणी द्यायची, एवढंच. पण त्यासाठी अंधारात उठावं लागे, आणि पावसाळ्यातली गोधडी फार उबदार असते.

त्याच दिवसांत उर्वीने जपलेल्या कोशातून चांदपतंग बाहेर आला. मोईच्या झाडाच्या पानांवर तिने तो अळीपासून वाढवला होता. फिकट पोपटी पंखांची, लांब झुपकेदार शेपट्यांची ती मादी कोशातून निघाली, जाळीच्या पेटीत उलटी लटकली आणि तिने चुरगळलेले पंख हळूहळू पसरवले. तिने आपली आई कधी पाहिली नव्हती. दुसरा चांदपतंगही कधी पाहिला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताना उर्वीने पाहिलं तर पेटीच्या बाहेरून जाळीला एक नर चिकटून बसला होता. जंगलातून, पावसातून, तो नेमका तिथे आला होता.

उर्वीला त्याचं फार नवल वाटलं. आणि त्या नवलातूनच तिला एक सोयीचा विचार सुचला.

"पोशा, उद्यापासून गाणं बंद ठेव," ती म्हणाली.

"पिल्लाला गाणं ऐकवायचं अशी सूचना आहे," पोशा म्हणाला.

"चांदपतंगाला कोणी शिकवलं? कोणीच नाही. तरी सगळं येतं. निळू तर पक्षी आहे, पतंगापेक्षा कितीतरी हुशार. त्याचं गाणं त्याला आपोआप येईल. मी देखरेखीवर आहे ना? मग मी सांगते ते ऐक."

पोशाने ऐकलं. उर्वी उजाडेपर्यंत झोपू लागली. हाताने जोडणी नाही म्हटल्यावर पोशाची बॅटरी वारंवार उतरे, आणि निळूला घास भरवताना तो टिंग, टिंग, टूं करी. संध्याकाळी आत्याचा फोन येई. "गाणं झालं का गं?" आत्या विचारी. "हो," उर्वी म्हणे. पहिल्यांदा 'हो' म्हणताना तिला कसंतरी झालं होतं. नंतर तेवढंही झालं नाही. आत्या परतली तोवर गाणं ऐकवण्याचे दिवस सरले होते.

आणि आता निळू सगळ्यांसमोर तेच गात होता.

दुपारी आत्या पायरीवर बसून कुळथाची पिठी आणि भात जेवत होती, पण घास हातातच राहत होता. उर्वी शेजारी बसली होती. तिलाही जेवण जात नव्हतं.

"आत्या," तिने चाचरत विचारलं, "पक्ष्याला स्वतःचं गाणं आतून येत नाही का? माझ्या चांदपतंगाला तर सगळं येत होतं."

"अगं, तीच तर गंमत आहे," आत्या म्हणाली. कोडं समोर आलं की तिचा चेहरा उजळायचा, आज तो थोडासाच उजळला. "दोघांची तुलना करू या. तुझ्या मादीने नराला हाक कशी मारली होती?"

"तिने आवाजच केला नव्हता."

"नाही. तिने वास सोडला. त्याला फेरोमोन (एका जातीच्या जीवांनी एकमेकांना धाडलेला वासाचा निरोप) म्हणतात. माणसाच्या नाकाला तो कळतही नाही. नराच्या डोक्यावर पिसासारख्या शृंगिका (स्पर्श आणि वास ओळखणारे अवयव) असतात. हवेत त्या निरोपाचे थोडेसे कण असले तरी त्या टिपतात, आणि तो वाऱ्याच्या उलट दिशेने उडत येतो. कस्तूरही नेमकं हेच करतो. मी इथे आहे, ही जागा माझी आहे, मादीने यावं, दुसऱ्या नराने येऊ नये. निरोप तोच. एकाने तो वासात घातला, दुसऱ्याने आवाजात. कळलं?"

उर्वीने मान हलवली.

"मग फरक कुठे आहे? चांदपतंगाला धड तोंडसुद्धा नसतं. तो खात नाही, अळी असताना खाल्लेल्यावर थोडे दिवस जगतो. मादी पानांवर अंडी घालते आणि अळ्या बाहेर यायच्या आत मरून जाते. पिल्लांना शिकवायला मागे कोणी उरतच नाही. म्हणून जे काही शिकवायचं ते अंड्यातच भरून द्यावं लागतं, जनुकांमध्ये (आईबापांकडून आलेल्या, शरीर कसं घडवायचं याच्या सूचनांमध्ये). याला उपजत वर्तन म्हणतात, म्हणजे न शिकता येणारी गोष्ट."

"आणि कस्तूर?"

"कस्तुराची मादी दोन-तीन अंडी घालते. आई आणि बाबा दोघंही पिल्लांना भरवतात. बाबा जवळच कातळावर बसून शीळ घालत असतो. शिकवायला माणूस घरातच आहे, मग सगळं अंड्यात कशाला भरायचं? पिल्लू जन्मतं ते शीळ घेऊन नाही, शीळ शिकायची तयारी घेऊन. आता हेच बघ, तू जन्मलीस तेव्हा तुला रडता येत होतं. ते कोणी शिकवलं नाही. पण मालवणी येत होती का? ती आम्ही तुझ्या कानावर घातली म्हणून आली. चांदपतंगाचा वास हा रडण्यासारखा आहे. कस्तुराची शीळ ही मालवणीसारखी."

उर्वी पायरीवरच्या शेवाळाकडे बघत राहिली.

"शिकण्यात फायदा असा की गाणं बदलू शकतं," आत्या पुढे म्हणाली. "या खोऱ्याची शीळ पलीकडच्या खोऱ्यापेक्षा वेगळी असू शकते, गावागावाची बोली वेगळी असते तशी. पतंगाला बदलता येत नाही. दिवा दिसला की तो फसतो, त्याची मुलं फसतात, नातवंडं फसतात. पण शिकण्यात मोठा धोकाही आहे. शिकण्याचा एक संवेदनकाळ (मेंदू गाणं टिपायला उघडा असतो तो लहानपणीचा काळ) असतो. त्या काळात गाणं कानावर पडलंच नाही, तर पिल्लू थांबून राहत नाही. जो घास भरवतो त्याचा आवाज उचलतं. निळूने पोशाचा उचलला. बिचाऱ्याला वाटलं, आपला बाप असंच गातो."



"मग आता काय होईल त्याचं?"

"सोडला तर तो दिवसभर टिंग टिंग करत बसेल. मादीला तो कस्तूर वाटणारच नाही. नर त्याची हद्द मानणार नाहीत. असेल सगळ्यांमध्ये आणि राहील एकटा." आत्याने ताट बाजूला सारलं. "आणि मला कळत नाही ते हे की पडदा फाटला तर गाणं वाजत नाही हे तुला कळायला हवं होतं. तू तर रोज हजर होतीस."

ती हे सहज बोलली होती. तिच्या आवाजात संशयाचा मागमूसही नव्हता. उर्वीला तेच सहन झालं नाही.

खाली वाटेवर सगुणकाका गाडीकडे निघालेले दिसत होते. दुसऱ्या खोऱ्यांना निरोप द्यायला ते आता वरच्या मनोऱ्यावर जाणार होते.

"पडदा फाटलेला नाही," उर्वी म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "आत्या, पडदा फाटलेला नाही. मीच पोशाला गाणं बंद ठेवायला सांगितलं होतं. मला पहाटे उठायचा कंटाळा आला होता. आणि मला वाटलं, पतंगाला येतं तर निळूलाही येईल."

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने उर्वीकडे असं पाहिलं, जणू ही मुलगी कोण हे ती नव्याने ठरवत होती.

"मी रोज फोन करत होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू रोज हो म्हणत होतीस."

"हो."

आत्या उठली. "जा, सगुणला तू सांग. मी नाही सांगणार."

उर्वी धावत उतरली. गाडी वळणाला लागायच्या आत तिने सगुणकाकांना गाठलं. धापा टाकत, त्यांच्या चपलांकडे बघत तिने सगळं सांगितलं. सगुणकाकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली.

"म्हंजे मी ह्या पोशाक उगाच बोल लावलंय," ते म्हणाले. "आणि थयची यंत्रां बंद करूक निघाललंय." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी गाडी मागे वळवली.

बॅटरी परत बसवल्यावर पोशाचे दिवे लागले. त्याने आपले सहाही पाय एकेक करून हलवून पाहिले. उर्वी त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती.

"तुला दोष दिला सगळ्यांनी. मी ऐकत उभी होते," ती म्हणाली. "वर्षभरात तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलं नाही," पोशा म्हणाला. मग त्याने विचारलं, "उद्या पहाटे गाणं वाजवायचं आहे का?"

उर्वीला रडू फुटलं. यंत्र चिडलं नाही, रुसलं नाही, आणि त्यामुळे तिला माफी मागायलाही जागा मिळाली नाही.

निळूला आता काही शिकता येईल की नाही, हे आत्यालाही नक्की माहीत नव्हतं. काही पक्ष्यांमध्ये संवेदनकाळ लवकर मिटतो, काहींमध्ये पहिला हंगाम संपेपर्यंत थोडा उघडा राहतो, तिने सांगितलं. कस्तुराबद्दल कोणी नीट अभ्यास केलेला नव्हता. पण एक गोष्ट तिला ठाऊक होती. पुष्कळ पक्षी ध्वनिमुद्रणापेक्षा जिवंत गुरूकडून अधिक शिकतात, कारण जिवंत गुरू त्यांच्याकडे बघतो, उत्तर देतो, चिडतो. म्हणून निळूचा छोटा पिंजरा रोज ओढ्यापाशी न्यायचा, जिथून पलीकडच्या कातळावरचा म्हातारा नर ऐकू येईल, असं ठरलं.

"मी नेते," उर्वी म्हणाली.

"आपण दोघी नेऊ," आत्या म्हणाली.

पाऊस कोसळत होता. ओढा लाल होऊन वाहत होता, आणि त्याच्या आवाजातूनही त्या नराची शीळ स्पष्ट येई. निळू गुपचूप ऐके. पहिले काही दिवस तो काहीच गायला नाही, टिंग टिंगसुद्धा नाही. उर्वीला वाटे, आपण त्याचं तेवढंही घालवलं. घोंगडं पांघरून ती पिंजऱ्याच्या आडोशाला बसे. पायांना जळवा लागत, त्या ती मुकाट्याने काढून टाकी. आत्याशी तिचं बोलणं कामापुरतंच होत होतं. आत्या तिच्यावर ओरडत नव्हती, पण पूर्वीसारखी कोडीही घालत नव्हती.

मग एके दिवशी निळू पुटपुटू लागला. चोच जेमतेम उघडी, आवाज घशातल्या घशात.

"हे उपगान," आत्या कुजबुजली. तिने कितीतरी दिवसांनी उर्वीच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे गाणं जमण्याआधीची बडबड. तान्ही मुलं करतात ना, तशी. त्याचा मेंदू अजून मिटलेला नाही."

त्यानंतर शीळ तुकड्यातुकड्यांनी आली. वर जाणारा सूर आला, खाली येणारा आला. मधला हरवणारा सूर मात्र आला नाही. त्या जागी निळू न चुकता टिंग म्हणे, आणि मग पुढची शीळ घाली. उर्वी दर वेळी आशेने ऐके आणि दर वेळी त्या जागेवर तिची मान खाली जाई.

एका सकाळी निळूने तेच तोडकंमोडकं गाणं मोठ्याने म्हटलं, आणि पलीकडचा म्हातारा नर एकदम थांबला. मग पाणी ओलांडून तो थेट पिंजऱ्यावर येऊन आदळला. पिसं फुगवून, शेपटी पसरून त्याने निळूच्या तोंडावर अशी कडक शीळ घातली की उर्वी मागे सरकली.

"त्याला मारेल तो," ती म्हणाली.

आत्या हसत होती. तिचे डोळे भरले होते. "नाही गं. तो म्हणतोय, ही जागा माझी आहे, चालता हो. दगडाला किंवा यंत्राला कोणी असं म्हणतं का? त्याने याला कस्तूर म्हणून ओळखलंय."

त्याच आठवड्यात निळूला खालच्या धबधब्यापाशी सोडलं. तिथली जागा रिकामी होती. तो एका कातळावर बसला, पंख झटकले आणि गायला. वर, खाली, टिंग, पुन्हा वर.

"ते टिंग जाणार नाही का गं?" उर्वीने विचारलं.

"बहुतेक नाही."

"त्याला पिल्लं झाली तर तीही तसंच शिकतील?"

"शिकतील कदाचित. उद्या कोणी अभ्यासक इथे आला तर म्हणेल, या खोऱ्याची बोलीच अशी आहे."

उर्वी हसली नाही. तिचा चेहरा पुन्हा तापला होता. आपण केलेली गोष्ट आपल्या मागेही या दरीत ऐकू येत राहील, हे तिला आता कळत होतं. आत्याने ते पाहिलं.

"हे बघ," ती म्हणाली. "पतंगाचा वास चुकला तर आपण काहीच करू शकलो नसतो. तो अंड्यातून येतो, तिथे आपला हात पोचत नाही. शिकलेली गोष्ट चुकू शकते, म्हणूनच ती पुन्हा शिकवताही येते. काही खोऱ्यांत थोडेच कस्तूर उरलेत आणि तेही शीळ विसरलेत. तिथली पिल्लं जिवंत गुरूजवळ आणून आपण हे करून बघू शकतो. मागच्या वर्षी हे आपल्याला सुचलं नव्हतं."

"माझ्यामुळे सुचलं, असं नको म्हणूस," उर्वी म्हणाली.

"नाही म्हणत," आत्या म्हणाली. "निळूमुळे सुचलं."

दोघी केंद्रावर परतल्या तेव्हा या वर्षीची पिल्लं वेताच्या टोपलीत चिवचिवत होती. त्यांनाही आता ओढ्यावर न्यायचं होतं.

"मी घेऊन जाऊ?" उर्वीने विचारलं.

आत्या क्षणभर घुटमळली. "चल, मी येते बरोबर," ती म्हणाली.

त्याचा अर्थ उर्वीला कळला. तिने वाद घातला नाही. टोपलीचा एक कान तिने धरला, दुसरा आत्याने, आणि पावलं जपत दोघी ओढ्याकडे निघाल्या.